बॉनेटखालची झाडलोट

दसऱ्याच्या आधीचे दोन-तीन दिवस कुठल्याही वॉशिंग सेंटरसमोर थांबलात तर हे दृश्य हमखास दिसेल. गाडीचं बॉनेट उघडं आहे आणि तिथला पोरगा हातातल्या गनने थेट इंजिनावर प्रेशर मारतोय. मग वरून डिझेल किंवा चकाकीचं लिक्विड शिंपडलं जातं, इंजिन काळंभोर चमकायला लागतं आणि मालक खूश होऊन झेंडूच्या हाराची चौकशी करायला जातो. पूजा झाल्यावर दोन दिवसांनी गाडी झटके देते, नाहीतर चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटतो. त्याचा संबंध त्या आंघोळीशी असेल हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

बॉनेटखाली चकाकीची गरजच नसते. तिथली सफाई करायची ती दोन गोष्टींसाठी. जिथून हवा जायला हवी तिथून ती जावी आणि कुठे काही गळत असेल तर ते नजरेला पडावं. एवढं ठरलं की घरच्या घरी काय करायचं आणि कशाच्या वाटेला जायचं नाही, हे बरंचसं आपोआप ठरतं. बहुतेक काम ब्रश आणि फडक्यानेच होतं. पाणी लागतं ते अगदी थोडं.

हवेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इंटरकूलरकडे. टर्बो असलेल्या गाडीत बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्री फिरते आणि ती इंजिनात जाणारी हवा दाबून आत ढकलते. या कल्पनेचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्येच घेतलं होतं. पण हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, ते याच कारणाने. बाहेरची ३० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबापर्यंत नेली की ती १२० अंशांच्या आसपास पोचते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी. ती इंटरकूलरमधून ५० अंशांपर्यंत थंड होऊन आली तर तेवढ्याच जागेत साधारण पाचवा हिस्सा जास्त ऑक्सिजन मावतो. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते की रडते, यात या पाचव्या हिश्श्याचा वाटा मोठा.

इंटरकूलर दिसतो रेडिएटरसारखाच. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदाइतक्या पातळ, नागमोडी पट्ट्या. गॅरेजमध्ये त्यांना फिन म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या जाळीमागे, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या शेजारात असतो. स्कॉर्पिओ किंवा जुनी तीन लिटरची फॉर्च्युनर यांच्या बॉनेटवर जो फुगवटा आणि त्याला तोंड दिसतं, ते शोभेचं नाही. इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या इंटरकूलरला तिथून वारा मिळतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर टीएसआय इंजिनात मात्र इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या आतच असतो आणि त्याला पाणी थंड करतं. बाहेरून हात लावण्यासारखं तिथे काही नाही. तेव्हा ब्रश हातात घेण्याआधी गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल उघडून आपला इंटरकूलर कुठे बसलाय ते पाहावं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये कोऱ्या पिशवीतच पडलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

पावसाळ्यानंतर टॉर्च घेऊन बंपरच्या खालच्या जाळीतून आत बघा. कोकणातून आलेल्या गाडीच्या फिनांवर तांबड्या मातीचा लेप बसलेला असतो. रात्रीच्या हायवेवर धावणाऱ्या गाडीत पतंग, चतुर, नाकतोडे चिकटून वाळलेले दिसतात. एखादा पारदर्शक पंख दोन फिनांमध्ये आडवा अडकलेला असतो आणि त्याच्यामागे धूळ साठत साठत जाऊन तिथली वाटच बुजलेली असते. ऊसपट्ट्यात पाचटाच्या काड्या सापडतात, बांधकामांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या गाडीत सिमेंटची पूड. ही पूड एकदा भिजून घट्ट झाली की ब्रशलाही दाद देत नाही.

याचा परिणाम सपाट रस्त्यावर, हिवाळ्यात, एकट्याने गाडी चालवताना कळतही नाही. मे महिन्यात पाच माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून घाट चढताना कळतो. वेग कमी म्हणून वारा कमी, त्यात हवेची वाट अर्धी बुजलेली. आत येणारी हवा जास्त तापली की गाडीचा संगणक इंजिनाला जपण्यासाठी जोर कमी करतो. मग ‘पिकअप गेला’ अशी तक्रार सुरू होते. अर्थात पिकअप जाण्याला फाटलेला होज, तुंबलेला एअर फिल्टर, खराब सेन्सर अशी इतरही कारणं असतात. इंटरकूलर साफ केल्याने गाडीला नवी ताकद येत नाही. होती ती परत मिळते, आणि तीही घाणीमुळेच गेली असेल तर.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे सकाळी गाडी सुरू करण्याआधीची वेळ उत्तम. तापलेल्या टर्बोवर किंवा एक्झॉस्टच्या बिडाच्या भागावर गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो. गरम रेडिएटरचं झाकण तर उघडायचंच नाही. आतलं कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि झाकण सुटताच ते थेट तोंडावर येतं. किल्ली खिशात ठेवू नका, घरात ठेवून या. काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही स्वतःहून फिरायला लागतो आणि त्या वेळी बोटं जाळीत असतील तर विचारायला नको. ओलं काम करायचं असेल तर बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह केबल आधी काढावी आणि जोडताना शेवटी जोडावी. त्यानंतर घड्याळ आणि काचांचं ऑटो बटण पुन्हा सेट करावं लागतं, काही गाड्यांत स्टिरिओ कोड मागतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली तर तिच्या आसपास पाणी नको, हत्यारही नको. तिथे कोरडं फडकं पुरे.

उंदरांचा विषय स्वतंत्र आहे. पावसात कोरडी आणि उबदार जागा म्हणून उंदीर इंजिनावर घर करतात, वायरी कुरतडतात, बॉनेटच्या आतलं अस्तर फाडून त्याची गादी करतात. तिथल्या लेंड्या ब्लोअरने उडवणं किंवा कोरड्या झाडूने झटकणं हा शुद्ध वेडेपणा आहे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या जुलैमधल्या महापुरानंतर मुंबईने तो चांगलाच पाहिला आहे. रबरी हातमोजे घाला, तोंडाला मास्क लावा, जंतुनाशकाच्या पाण्याने घाण आधी ओली करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. हातावर जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा.

मग कोरडी झाडलोट. रंगकामाचा दोन इंची मऊ ब्रश, एक जुना टूथब्रश आणि जुन्या बनियनची फडकी एवढ्यावर भागतं. वरून खाली यायचं. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जी पन्हळ असते तिच्यात हात घाला. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर त्याची बारीक पानं तिथे मूठभर निघतील. ही पानं पाणी जायची भोकं बुजवतात आणि मग ऐन पावसात डॅशबोर्डखालून पाणी टपकायला लागतं. लोक काचेचं रबर बदलतात, दोष असतो पानांचा. एक्झॉस्टजवळ साठलेला वाळका पाचोळा आधी काढा, तो पेट घेऊ शकतो.

धूळ गेल्यावर तेलकट डाग उरतात. ते पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण डाग कुठून सुरू झाला हीच खरी माहिती असते. मग गाडीचा शाम्पू पाण्यात पातळ करून त्यात फडकं भिजवा, घट्ट पिळा आणि पुसा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इंजिनाचा संगणक, एअर फिल्टरचं तोंड आणि स्पार्क प्लगच्या वरच्या कॉइल यांना आधी प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. इंजिन ऑइलचं झाकण आणि ऑइल मोजायची काडी घट्ट बसली आहेत ना, ते बघा. प्लगच्या खोबणीत पाणी साचलं की मिसफायर ठरलेलाच. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साठली असेल तर केबल काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती घासा, कोरडी करा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

‘आजकालच्या गाड्यांचे कनेक्टर वॉटरप्रूफ असतात, बिनधास्त प्रेशर मारा’ असं सांगणारे बरेच भेटतात. बऱ्याच कनेक्टरांवर आयपी ६७ असा दर्जा असतो हे खरं. त्याचा अर्थ एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास टिकेल, इतकाच. घरगुती प्रेशर वॉशर १०० बारच्या वर दाब देतो. तशा फवाऱ्याची चाचणी निराळी आहे आणि त्या कनेक्टरने ती दिलेली नसते.

रॉकेल आणि पेट्रोलने इंजिन पुसण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. पेट्रोलची वाफ कुठल्याही भारतीय हवामानात ठिणगीने पेटते. रॉकेल त्या मानाने सुस्त असलं तरी रबराचे होज फुगवतं आणि मऊ करतं. डिझेलचंही तेच. वरून त्याच्या ओशटपणावर आठवड्याभरात दुप्पट धूळ बसते. स्वयंपाकघरातल्या चिमणीची चिकटाई काढणारी काही लिक्विड कॉस्टिक सोड्याची असतात आणि संडास धुण्याच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. फिनांची जाडी पाहता खायला तिथे फारसं काही नाहीच.

फिनांसाठी पद्धत सौम्य हवी. आधी मऊ ब्रश फिनांच्या रेषेत फिरवा, आडवा नको. मग बागेच्या पाइपाचं साधं पाणी, शक्य असेल तिथे मागून पुढे, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने सोडा. घाण जशी आली तशी बाहेर पडेल. पुढून जोराने मारलं तर ती आणखी आत रुतते. रेडिएटर मागे चिकटून असल्याने मागून पोचता येत नसेल तर पुढूनच, पण धार हलकी ठेवा आणि पातळ शाम्पू दहा मिनिटं मुरू द्या. किडे भिजले की सुटतात, त्यांना खरवडावं लागत नाही. वाकलेली फिन बारीक चिमट्याने अलगद सरळ करता येते. डोक्यावरच्या इंटरकूलरला मात्र खाली इलेक्ट्रिकचा पसारा असल्यामुळे पाण्याऐवजी ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरच बरा.

इंटरकूलरच्या आतल्या बाजूची सफाई घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आत तेलाचा पातळ थर असतोच, कारण इंजिनातली तेलकट वाफ त्याच वाटेने परत जाते. तो काढायला सॉल्व्हंट ओतलं आणि त्यातलं वाटीभर आत राहून गेलं तर सुरू केल्यावर इंजिन ते ओढून घेतं. डिझेल इंजिन अशा फुकटच्या इंधनावर बेफाम पळत सुटतं आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. आत थर नव्हे, तेलाचं थारोळंच असेल तर दोष टर्बोच्या सीलमध्ये असण्याची शक्यता आहे आणि ते काम मेकॅनिकचं.

सगळं उन्हात वाळू द्या, बॉनेट उघडं ठेवून तास-दोन तास. पिशव्या मोजून काढा, एखादी बेल्टजवळ राहिली तर महागात पडेल. गाडी मोकळ्या जागेत सुरू करा, बंद गॅरेजमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खाली सांडलेलं तेलकट पाणी सोसायटीच्या गटारात लोटण्याऐवजी त्यावर लाकडाचा भुसा टाका आणि भरून घ्या.

त्यानंतर आठवडाभराने एकदा बॉनेट उघडून टर्बो, इंटरकूलर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या जाड होजच्या क्लॅम्पवर बोट फिरवा. बोट कोरडं आलं तर ठीक. एकाच सांध्यावर पुन्हा ओलसर काळा डाग आला असेल आणि रेस दिल्यावर तिथून फुसफुस ऐकू येत असेल, तर दाबलेली हवा तिथून निसटते आहे. क्लॅम्प आवळून पाहा, होजला भेग असेल तर होज बदला. तो डाग पुसू नका, तसाच मेकॅनिकला दाखवा.