भाडेकरार व सेवाकरार

घर अथवा गाळा वापरावयास घेताना आणि नोकरी स्वीकारताना उभय पक्षांत होणारे करार. संविदा हा विषय भारतीय संविधानाच्या समवर्ती सूचीत येतो. त्याचा मूळ कायदा, भारतीय संविदा अधिनियम १८७२, सर्व देशास लागू आहे. परंतु घरभाड्याबाबत महाराष्ट्राने स्वतंत्र तरतुदी केल्या आहेत. त्यामुळे ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथे जागेच्या करारावर सही करणाऱ्यास केंद्राचा व राज्याचा असे दोन्ही कायदे विचारात घ्यावे लागतात.

जागेचा करार दोन प्रकारचा असतो. भाडेपट्ट्याने जागेच्या उपभोगाचा हक्क भाडेकरूकडे जातो. अनुज्ञप्तीने (‘लीव्ह अँड लायसन्स’) केवळ वापराची परवानगी मिळते. कागदाला दिलेले नाव निर्णायक नसून पक्षांचा उद्देश पाहावा लागतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स प्रकरणी १९५९ मध्ये मांडले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने भाडेकरूस दिलेले संरक्षण टाळण्यासाठी मालक अनुज्ञप्तीचा आश्रय घेत. तेव्हा विधिमंडळाने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू अनुज्ञप्तीखाली ताबा असणाऱ्यांना भाडेकरूच मानले. उपाय भाडेकरूंच्या हिताचा होता. पण त्यानंतर घर देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे मालकांना अधिक सुरक्षित वाटू लागले.

महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) याने ही भीती बरीच दूर केली. मुदत संपल्यावर निवासी अनुज्ञप्तिधारकाने जागा सोडली नाही, तर कलम २४ अन्वये मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळवू शकतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. या कारवाईत लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा ठरतो. अनामत रक्कम केव्हा परत मिळेल, दुरुस्ती कोणी करावयाची, मुदतीपूर्वी जागा सोडता येईल काय, यांविषयीची तोंडी आश्वासने म्हणूनच फारशी उपयोगी पडत नाहीत.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज या शहरांतून अजून आढळतो. त्याचे मूळ नोंदणी अधिनियम १९०८ मध्ये आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी त्याने सक्तीची केली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही अल्प असली, तरी करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. ही जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती पाळली नाही, तर विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात.

सेवाकराराबाबतचा एक मार्गदर्शक निर्णय कल्याणच्याच एका कारखान्यातून उद्भवला. सेंच्युरी कंपनीने टायरच्या दोऱ्याचे तंत्र हॉलंड व पश्चिम जर्मनीतील कंपन्यांकडून घेतले आणि ते गुप्त राखण्याची हमी दिली. १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार करून रुजू झालेला एक पाळी-पर्यवेक्षक प्रशिक्षणानंतर १९६४ मध्ये नोकरी सोडून अधिक वेतनावर कोटा येथील स्पर्धक कारखान्यात गेला. व्यवसायास प्रतिबंध करणारा करार संविदा अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे शून्य असतो, असा त्याचा बचाव होता. तो १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. करार चालू असण्याच्या काळापुरते बंधन सामान्यतः वैध असते. ते अतिशय जाचक वा एकतर्फी असू नये, असे न्यायालयाने म्हटले. मनाईहुकूम १५ मार्च १९६८ पर्यंत व तशाच कामापुरता मर्यादित होता. २,४१० रुपयांची भरपाईही कायम झाली. सेवा संपल्यानंतर लागू होणाऱ्या बंधनाची गोष्ट निराळी. ते कलम २७ च्या कचाट्यात सापडते.

मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास द्यावयाची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा होय. न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. विषम सौदाशक्तीमुळे कामगाराच्या माथी मारलेली अन्याय्य अट रद्द होऊ शकते, हे १९८६ मध्ये एका शासकीय जलवाहतूक निगमाच्या प्रकरणी ठरले. उलट, तीन वर्षांपूर्वी सेवा सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरविली. त्या निर्णयात सार्वजनिक बँकेच्या भरतीप्रक्रियेचा खर्च व अडचणी यांना महत्त्व होते. खाजगी मालकाच्या तशाच अटीला तो जसाच्या तसा लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही.