लेखनविद्या आणि दोन उन्हाळे

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हे गाव लागते. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभ्या राहिलेल्या ‘शांतिवना’मुळे त्याचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. गावाच्या वरच्या अंगाला गाढी नदीवर देहरंगचे धरण आहे आणि त्याचे पाणी पनवेलकर पितात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि परदेशाची वाट या गावापासून थोड्याच अंतरावर येऊन ठेपली. भातखाचरांच्या या पट्ट्यात आज शिकलेल्यांची पहिली-दुसरी पिढी नांदते आहे. कोणी शिक्षक आहे, कोणी कारकून, कोणी महाविद्यालयात शिकतो आहे. त्यांतील काहींच्या वहीत कथा-कविताही असणार. अशा एखाद्या तरुण शिक्षिकेने परदेशी विद्यापीठात उन्हाळी निवास करून सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी मिळवायचे मनात आणले, तर तिच्या पदरात काय पडेल आणि त्यासाठी तिला काय मोजावे लागेल? प्रश्न एका गावापुरता दिसतो. पण त्यात मराठी लेखनव्यवहाराचे बरेचसे अर्थशास्त्र सामावलेले आहे.

लेखन शिकवता येते काय, हा वाद जुना आहे. अमेरिकेने त्याचे उत्तर वादाने न देता व्यवहाराने दिले. आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली आणि पुढे तिच्या धर्तीवर असंख्य विद्यापीठांनी असे अभ्यासक्रम काढले. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली अशी पदवी सुरू केली. अध्यापनाची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. दहा-बारा विद्यार्थी एकत्र बसतात, एकाचे लेखन सर्वांनी आधी वाचलेले असते आणि त्यावर चर्चा चालू असताना लेखकाने मौन पाळायचे असते. आपण लिहिले काय आणि लोकांपर्यंत पोहोचले काय, यांतील अंतर त्या मौनात त्याला कळते.

नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी याच विद्येची दोन रूपे निघाली. व्हरमाँट राज्याच्या डोंगरात ‘ब्रेड लोफ’ येथे १९२० पासून उन्हाळी शाळा भरते. साहित्य, लेखन, अध्यापन आणि नाट्य यांचा तेथे अभ्यास होतो. शाळांतील शिक्षक सुमारे सहा आठवडे तेथे राहतात आणि असे चार-पाच उन्हाळे मिळून इंग्रजी विषयाची एम.ए. पदवी पुरी करतात. दुसरे रूप त्याच राज्यातील गॉडर्ड महाविद्यालयाने १९७६ साली घडवले. वर्षातून दोनदा काही दिवस एकत्र निवास करायचा, उरलेल्या काळात घरी बसून लिहायचे, ते मार्गदर्शकाला पाठवायचे आणि त्याने सविस्तर पत्राने उत्तर द्यायचे, अशी ही योजना. पुढे अनेक संस्थांनी ती उचलली. मूळ गॉडर्ड महाविद्यालय मात्र २०२४ साली बंद पडले. आशियाकडे दृष्टी ठेवून हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठाने २०१० साली असाच अभ्यासक्रम सुरू केला होता. २०१५ साली तो गुंडाळण्याचा निर्णय झाला. तात्पर्य, ही व्यवस्था उपयुक्त असली तरी ती आपोआप टिकत नाही. कोणीतरी तिचा खर्च सतत सोसावा लागतो.

पंचांग आणि जमाखर्च

नेऱ्याच्या शिक्षिकेपुढची पहिली अडचण पंचांगाची आहे. अमेरिकेतील शिक्षकाचा उन्हाळा जूनमध्ये सुरू होतो आणि ऑगस्टपर्यंत चालतो. आपल्याकडील उन्हाळी सुट्टी मे महिन्याची. कोकणात जूनच्या मध्याला शाळा उघडते. म्हणजे तिकडे निवासाची घंटा वाजते, तेव्हाच इकडे वर्गाची घंटा वाजते. ज्या सोयीसाठी उन्हाळी निवास निर्माण झाला, ती सोय समुद्र ओलांडताच नाहीशी होते. तिकडचा शिक्षक सुट्टीत शिकतो. इकडच्या शिक्षिकेला त्यासाठी बिनपगारी रजा मागावी लागेल, तीही ओळीने चार-पाच वर्षे, आणि नेमकी शाळेच्या प्रवेशांच्या आणि पाठ्यपुस्तकांच्या धांदलीत.

दुसरी अडचण पैशाची. १९७५ साली एका डॉलरला साडेआठ रुपयांच्या आसपास पडत. २०२५ मध्ये पंच्याऐंशीहून अधिक पडू लागले. केवळ हिशेबासाठी एका उन्हाळ्याचे शुल्क, निवास आणि प्रवास मिळून आठ हजार डॉलर धरले, तर पंच्याऐंशीच्या दराने ते सहा लाख ऐंशी हजार रुपये होतात. आता दुसरी बाजू पाहावी. मराठी पुस्तकाची किंमत तीनशे रुपये, आवृत्ती एक हजार प्रतींची आणि मानधन दहा टक्के धरले, तर संपूर्ण आवृत्ती खपल्यावर लेखिकेच्या हाती तीस हजार रुपये येतील. म्हणजे एका उन्हाळ्याचा खर्च भरून काढण्यासाठी तेवीस पुस्तकांच्या आवृत्त्या खपल्या पाहिजेत. आकडे थोडे इकडेतिकडे केले तरी निष्कर्ष बदलत नाही. एका चलनात खर्च करून दुसऱ्या भाषेत कमाई करण्याचा हा व्यापार आतबट्ट्याचाच ठरतो.

यावर कोणी म्हणेल की पदवीचे मोल पुस्तकाच्या मानधनात मोजू नये. ती पुढे नोकरीत उपयोगी पडते. अमेरिकेत हे बऱ्याच अंशी खरे आहे. तेथे ललित लेखनाची ही पदवी महाविद्यालयात लेखन शिकवण्यास पात्रता देते. पदवी घेतलेला लेखक पुढच्या लेखकाला शिकवतो आणि चक्र चालू राहते. महाराष्ट्रात मराठीचा अधिव्याख्याता होण्याची वाट एम.ए., नेट किंवा सेट आणि पीएच.डी. यांतून जाते. त्या वाटेवर हे परदेशी नाणे सहसा वटत नाही.

चित्रे यांचा दाखला

मग मराठी लेखकाने बाहेर जाऊच नये काय? दिलीप चित्रे यांचे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे. आयोवातच १९६७ साली पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी जगभरच्या लेखकांसाठी एक स्वतंत्र उपक्रम सुरू केला. चित्रे त्यात १९७५ साली सहभागी झाले आणि १९७७ मध्ये भारतात परतले. या उपक्रमात पदवी नसते. लेखक तेथे पाहुणा म्हणून येतो. शुल्क भरणारा विद्यार्थी म्हणून नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. चित्रे तेथे गेले तेव्हा त्यांच्यामागे ‘शब्द’ या अनियतकालिकाचे दिवस होते, मराठी कविता होती आणि १९४५ ते १९६५ या काळातील मराठी कवितेचे त्यांनी सिद्ध केलेले इंग्रजी संकलनही १९६७ सालीच प्रसिद्ध झाले होते. लेखक तयार झाला होता. परदेशाने त्याला वेळ दिला, अंतर दिले आणि निराळी संगत दिली. पुढे त्यांनी तुकारामांचे अभंग इंग्रजीत नेले, ते पुस्तक १९९१ साली आले. साहित्य अकादमीने १९९४ साली त्यांच्या मराठी कवितेला आणि या अनुवादाला, असे दोन्ही सन्मान दिले. बाहेर राहून आलेल्या माणसाचा हात शेवटी देहूच्या गाथेवरच स्थिरावला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

नेऱ्याच्या शिक्षिकेची स्थिती याच्या उलट आहे. प्रवेशासाठी तिला आपल्या लेखनाचा नमुना इंग्रजीत पाठवावा लागेल आणि चर्चाही इंग्रजीतच होईल. पण तिच्यापाशी सांगण्यासारखे जे आहे, ते आगरी बोलीत आहे, डोंगराच्या कुशीतील ठाकर आणि कातकरी वाड्यांच्या बोलण्यात आहे, लग्नात धवला गाणाऱ्या धवलारणीच्या कंठात आहे. शेतजमिनीचा भूखंड होताना घरातील भावांचे बोलणे कसे बदलते, हे तिने पाहिलेले आहे. हा सारा ऐवज इंग्रजीत उतरवताना तिला पावलोपावली स्पष्टीकरण द्यावे लागेल. वाक्य बरोबर पडले की नाही, हे तेथे कोणी सांगू शकणार नाही. कारण मूळ वाक्य तेथे कोणी ऐकलेलेच नसेल. कथेच्या बांधणीविषयी परका वाचक मोलाचे सांगू शकतो, हे मान्य केलेच पाहिजे. शब्दाच्या वजनाविषयी मात्र त्याच भाषेचा वाचक लागतो.

घरची शाळा

असा वाचक मराठीने एके काळी निर्माण केला होता. ‘सत्यकथा’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांशी पत्रव्यवहार करीत, कच्चे दुवे दाखवीत, पुनर्लेखन सुचवीत. गॉडर्डने १९७६ साली शुल्क आकारून जे सुरू केले, ते टपालखर्चात गिरगावातून कितीतरी आधीपासून चालू होते. या शाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हीही वस्तुस्थिती आहे. राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ‘सत्यकथा’ची होळी केली, ती याच रोषातून. तरीही १९८२ साली ते मासिक बंद झाले, तेव्हा मराठीतील एक मोठे टपाली विद्यालयच मिटले. त्याच्या अभिरुचीशी भांडता येत होते. त्याची जागा घेणे त्यानंतर फारसे कोणाला जमले नाही.

आजची उणीव नेमकी येथे आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून काम करीत आहे आणि नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची त्याची योजनाही आहे. अनुदानाने पुस्तक छापले जाते. परंतु छपाईच्या आधीचा जो टप्पा, म्हणजे जाणत्या माणसाने हस्तलिखित दोनदा वाचावे आणि लेखकाने ते तिसऱ्यांदा लिहावे, त्यासाठी लागणारा वेळ आणि निवास कोण पुरवतो? दोन-तीन दिवसांच्या शिबिरात भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. पुनर्लेखनाला मात्र त्यात जागा नसते.

परदेशी निवासाचे सार काढले तर तीन गोष्टी उरतात: सलग मोकळा वेळ, प्रामाणिक पहिले वाचक आणि घरी परतल्यावरही न तुटणारा पत्रव्यवहार. यांपैकी एकही गोष्ट आयात करावी लागत नाही. मे महिन्याची सुट्टी आपल्याकडे आहेच. शिक्षक आणि विद्यार्थी त्या काळात मोकळे असतात, कारकुनाला पंधरवड्याची रजा मिळू शकते. सुट्टीत रिकामी पडणारी वसतिगृहे तालुक्यातालुक्यांत आहेत. बारा लेखक, दोन जाणते मार्गदर्शक, तीन आठवड्यांचा निवास आणि पुढे वर्षभर महिन्याला एक पत्र, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. वर गृहीत धरलेल्या एका परदेशी उन्हाळ्याच्या रकमेत बारा जणांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे छप्पन्न हजार रुपये येतात. मार्गदर्शकांचे मानधन धरूनही तीन आठवड्यांच्या साध्या निवासाला ते पुरेसे आहेत. एखादे विद्यापीठ, एखादी सहकारी संस्था किंवा मंडळ स्वतः हा भार उचलू शकेल.

ज्याला शिष्यवृत्ती मिळेल त्याने खुशाल बाहेर जावे; जग पाहिल्याने लेखकाचे नुकसान होत नाही. पण ज्या शिक्षिकेला ती मिळणार नाही, तिने वही मिटून ठेवावी, असा याचा अर्थ होऊ नये. नेऱ्याच्या आसपासची शेते झपाट्याने बदलत आहेत आणि धवला येणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत आहेत. विमानतळ गावाजवळ आणण्यासाठी शासनाने आणि भांडवलाने कित्येक वर्षे खर्ची घातली. त्या गावाचे म्हणणे नीट लिहिले जावे, यासाठी एक मे महिना खर्ची घालणे महाराष्ट्राला अवघड नाही.