जॅग्वार ई-टाइप : एका मॉडेलचा मागोवा

२ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने फोर्ड कंपनीकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन ब्रिटिश उद्योग २.३ अब्ज डॉलरना विकत घेतले, तेव्हा ‘ई-टाइप’ या मॉडेलचा वारसाही मुंबईच्या मालकीचा झाला. ही मोटार बनणे थांबून तोवर तीन दशके उलटली होती. तरी जॅग्वार हे नाव उच्चारताच जाणकारांच्या डोळ्यांपुढे आजही तीच येते. तिच्या आयुष्यात जे बदल झाले, त्यांतले बरेचसे आराखडा काढणाऱ्यांच्या इच्छेने नव्हे, तर अमेरिकी ग्राहकांच्या मागण्या आणि अमेरिकी कायदे यांच्या रेट्याने झाले.

सर विल्यम लायन्स यांच्या जॅग्वार कंपनीने १९४८ मध्ये एक्सके १२० ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली आणि तिच्यात बसवलेले सहा सिलिंडरांचे एक्सके इंजिन पुढे कित्येक वर्षे वापरले. त्याच इंजिनाच्या बळावर डी-टाइप या शर्यतीच्या मोटारीने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. डी-टाइपचा आणि पुढे ई-टाइपचाही आकार ठरवणारे माल्कम सेयर हे विमाननिर्मितीच्या क्षेत्रातून आलेले वायुगतिकीचे, म्हणजे हवेच्या विरोधाचा विचार करून आकार ठरवण्याच्या शास्त्राचे, अभ्यासक होते. नजरेला काय बरे दिसते यापेक्षा गणिताने काढलेल्या वक्ररेषांवर त्यांचा भरवसा अधिक होता, आणि तरीही ई-टाइप देखणी ठरली.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे ती प्रथम दाखवण्यात आली. ३.८ लिटरचे इंजिन, तीन कार्ब्युरेटर, २६५ अश्वशक्ती आणि ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, या कमाल वेगाचा दावा असे तिचे स्वरूप होते. उघड्या मोटारीची करासहित किंमत २,१०० पौंडांच्या आत होती, तर त्या काळच्या ॲस्टन मार्टिन डीबी-४ साठी जवळपास दुप्पट रक्कम मोजावी लागे. तिची रचना मुळातून समजून घेण्याजोगी आहे. मधला, माणसे बसण्याचा भाग मोनोकॉक पद्धतीचा होता, म्हणजे वेगळा सांगाडा न देता घडीव पत्र्याच्या पेट्यांनीच सगळा भार पेलावा अशी योजना होती. त्याच्या पुढे चौकोनी नळ्यांची एक चौकट बोल्टांनी जोडून तिच्यात इंजिन बसवले होते, आणि तिच्यावरचे लांबलचक बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटे उघडत असे. मागील डिस्क ब्रेक चाकांपाशी न ठेवता डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही मागील चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या यंत्रणेला, लगटून बसवले होते. त्यामुळे चाकांसोबत वरखाली होणारे वजन घटून चाके रस्त्याला अधिक धरून राहत. ब्रेकची उष्णता तिथेच कोंडत असे आणि दुरुस्तीच्या वेळी कारागिराचा हात तिथवर सहजी पोहोचत नसे, हा त्याच योजनेचा दुसरा भाग होय. गिअरबॉक्स तर जुनाटच होता.

त्याच काळात भारतात आयातीवर कडक निर्बंध होते. ब्रिटिश वंशाची मोटार म्हणून बहुतेकांना ठाऊक होती ती मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली अँबॅसडर, जी जुजबी फेरफारांनिशी २०१४ पर्यंत बनत राहिली. स्पर्धा नसली की मॉडेल किती वर्षे जागच्या जागी उभे राहू शकते, याचा याहून ठळक पुरावा शोधूनही मिळणार नाही.

ई-टाइपला ती सवलत नव्हती, कारण तिचे बहुसंख्य ग्राहक अमेरिकेत होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये इंजिन ४.२ लिटरचे झाले आणि गिअरबॉक्समध्ये सर्व गिअरांना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना दातेरी चाकांची गती जुळवून देणारी योजना, मिळाली. १९६६ मध्ये मागे दोन छोट्या आसनांची सोय असलेला सुमारे २३ सेंटिमीटरने अधिक लांब असा प्रकार आला. कुटुंबवत्सल ग्राहक त्यावर खूश झाला असला, तरी छपराची रेषा बिघडली ती बिघडलीच. १९६८ पासून अमेरिकेत सुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम लागू झाल्यावर हेडलाइटांवरील काचेची आवरणे गेली, अपघातात इजा करू शकतील असे डॅशबोर्डवरचे उभे खटके जाऊन सपाट बटणे आली, आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या मोटारींत तीनऐवजी दोनच कार्ब्युरेटर राहिल्याने शक्ती घटली. १९७१ च्या तिसऱ्या मालिकेत ५.३ लिटरचे १२ सिलिंडरांचे इंजिन बसवून ती भरपाई करण्यात आली. परंतु मूळची सडपातळ मोटार आता रुंद आणि जड झाली होती, आणि १९७३ च्या तेलसंकटात असे तहानलेले इंजिन परवडणारे नव्हते. १९७४ मध्ये उत्पादन थांबले, तोवर ७२ हजारांहून अधिक ई-टाइप तयार झाल्या होत्या.

त्यांपैकी किती टिकल्या हे बव्हंशी गंजाने ठरवले. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला खारी हवा पत्र्याचे काय करते हे सांगावे लागत नाही. इंग्लंडमध्ये तेच काम हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ करते. जीपसारख्या वेगळ्या सांगाड्याच्या वाहनाचा पत्रा कुजला तर तो बदलून भागते, पण ई-टाइपच्या दारांखालच्या पोकळ पेट्या हाच तिचा कणा असल्याने त्या आतून गंजल्या की सगळी मोटारच खचते. त्या पेट्या कापून नव्या जोडताना कारागिराला आधी संपूर्ण शरीर आधार देऊन ताठ धरावे लागते, नाहीतर नंतर दारे बसतच नाहीत.

पहिल्या वर्षाच्या मोटारींनाच खऱ्या मानण्याचा संग्राहकांचा आग्रह एकांगी वाटतो. मूळ आकार शाबूत आणि यंत्रणा सुधारलेली, असा मेळ १९६४ ते १९६७ या काळातील ४.२ लिटरच्या मोटारींतच बसला होता. टाटांच्या काळात, २०१४ मध्ये, जॅग्वारने १९६३-६४ साली अर्धवट राहिलेली शर्यतीच्या हलक्या ई-टाइपची योजना उरलेल्या सहा मोटारी नव्याने बांधून पुरी करायला घेतली. ई-टाइपची वारस म्हणून २०१३ मध्ये विक्रीस आलेल्या एफ-टाइपचे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले.