न उघडलेल्या खाणीचा हक्क

ग्रंथकारास आपल्या ग्रंथाच्या खपलेल्या प्रत्येक प्रतीमागें जी ठराविक रक्कम मिळते तीस रॉयल्टी म्हणतात, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु जो ग्रंथ अद्यापि लिहिलाच गेला नाहीं, त्याच्या रॉयल्टींतील हिस्सा आज रोख पैसे मोजून विकत घ्या, असें कोणी म्हणाला तर आपण त्यास काय उत्तर द्याल? खाणींच्या व्यवहारांत हा प्रकार नित्य चालतो; आणि अलीकडे युरेनियमच्या ज्या खाणी अजून उघडल्याही नाहींत, त्यांच्या बाबतींत त्याचा बराच बोलबाला झाला आहे. कॅनडांत २०१७ सालीं केवळ युरेनियमच्या रॉयल्ट्या विकत घेण्यासाठींच एक कंपनी निघाली, व पुढें तिचे भाग अमेरिकेच्या बाजारांतही विकले जाऊं लागले. रिझर्व्ह बँकेनें २००४ पासून परदेशीं रक्कम पाठविण्याची सोय करून दिली असल्यामुळें असे भाग माढ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं बसूनही घेतां येतात. तेव्हां हा हक्क म्हणजे काय वस्तु आहे, हें घरांतील कर्त्या मंडळींनीं समजून घेणें अगत्याचें झालें आहे.

देशावरील जुन्या घराण्यांस ही कल्पना परकी वाटूं नये. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांचे परंपरागत हक्क आपल्या आजोबा-पणजोबांच्या दप्तरांत नमूद आहेत. जो हक्क धान्याच्या रूपानें मिळावयाचा, त्याचें माप खळ्यावर रास पडली कीं बाजूला निघे. शेतकऱ्यास बियाणें, बैल व मजुरी यांचा खर्च किती आला हें हक्कदार विचारीत नसे. खाणीची रॉयल्टी बहुधा अशीच असते. खाण चालविणारा नफ्यांत असो वा तोट्यांत असो, विकलेल्या मालाच्या रकमेवर ठरलेला टक्का रॉयल्टीच्या धन्यास मिळावयाचा. खाणींत पाणी शिरलें तर तें उपसण्याचा खर्च भागीदाराच्या माथीं बसतो, हक्कदाराच्या बसत नाहीं. हा या हक्काचा मोठा गुण होय, व त्याचे विक्रेते याच गुणाचें वर्णन करितात.

परंतु रासच पडली नाहीं तर? खाण केव्हां उघडावी, किंबहुना उघडावी कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार रॉयल्टीच्या धन्यास सहसा नसतो. त्याच्यापाशीं हक्क असतो, हुकूम नसतो. साठा शोधून काढणाऱ्यास भोकें पाडून पाहण्यासाठीं, नकाशांसाठीं व परवान्यांसाठीं पैसा हवा असतो. म्हणून तो पुढील उत्पन्नाचा एक-दोन टक्क्यांचा हिस्सा आज विकून टाकतो. कित्येकदां तो सारा प्रकल्प मोठ्या कंपनीस विकतो व रॉयल्टी मात्र आपल्याकडे राखून ठेवतो. मग तो कागद या हातून त्या हातीं जातो. मूळ खनिज मात्र जमिनीखालीं जेथल्या तेथें असतें.

तें किती काळ तेथें राहील याचा नेम नाहीं. कॅनडांतील सिगार लेक येथील अतिशय समृद्ध साठा १९८१ सालीं सांपडला. २००६ सालीं बांधकाम चालू असतां खाणींत पाणी भरलें. आणि उत्पादन सुरू होण्यास २०१४ साल उजाडलें. ही ३३ वर्षांची प्रतीक्षा निदान सफळ तरी झाली. ऑस्ट्रेलियांतील जाबिलुका येथील साठा १९७१ पासून ठाऊक आहे; परंतु त्या भूमीचे परंपरागत धनी असलेल्या मिरार लोकांनीं खाणीस चिकाटीनें विरोध केला, आणि २०२४ सालीं तेथील प्रांतिक सरकारनें खाणपट्ट्याची मुदत वाढवून देण्याचें नाकारलें. भावाची गोष्टही अशीच चंचल. २००७ सालीं पौंडामागें १३० डॉलरांच्या वर चढलेला भाव पुढें उतरला. मार्च २०११ मध्यें फुकुशिमा येथील अपघातानंतर आणखी घसरत २०१६ च्या अखेरीस २० डॉलरांच्याही खालीं गेला. आणि जानेवारी २०२४ मध्यें पुन्हां शंभरावर आला. भाव चढला कीं निजलेले प्रकल्प जागे होतात, उतरला कीं पुन्हां निजतात. रॉयल्टी विकणारा आपणांस बहुधा ते जागे असतांना गांठतो.

उदाहरणासाठीं इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. माढें तालुक्याची भूमि काळ्या कातळाची. तींत युरेनियम शोधण्यांत अर्थ नाहीं. परंतु याच तालुक्यांत उजनीच्या धरणानें अडविलेली भीमा पंढरपुरावरून पुढें कर्नाटकांत उतरली म्हणजे कातळाचा थर हळूहळू सरतो, व त्याखालचे अतिप्राचीन चुनखडीचे खडक उघडे पडतात. तेथें यादगीर जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत गोगी नांवाचें गांव आहे. भूस्तर तुटून सरकलेल्या एका भेगेच्या कांठीं, चुनखडींत व तिच्याखालील ग्रॅनाइटांत, केंद्र सरकारच्या अणुखनिज खात्यास गेल्या शतकाच्या अखेरीस युरेनियम सांपडलें. आणि तें आपल्या देशांतील इतर साठ्यांच्या मानानें चांगल्या प्रतीचें आहे. युरेनियम महामंडळानें चांचणीसाठीं भूमिगत खोदकामही केलें. परंतु पाणी व आरोग्य यांविषयीं ग्रामस्थांनीं शंका काढल्या, विरोध झाला, आणि व्यापारी उत्पादन कांहीं सुरू झालें नाहीं.

या गोगीची रॉयल्टी मात्र कोणाही खासगी गृहस्थास विकत मिळावयाची नाहीं. आपल्याकडे १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यानें युरेनियम सरकारच्या ताब्यांत ठेविलें, व आजवर ज्या खाणी चालल्या त्या १९६७ सालीं स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाच्याच. रॉयल्टी, जीस सरकारी भाषेंत स्वामित्वधन म्हणतात, ती राज्य सरकारास मिळते. युरेनियमच्या बाबतींत ती महामंडळास वर्षाकाठीं मिळणाऱ्या मोबदल्याच्या दोन टक्के ठरविलेली आहे. २५ जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं आठ विरुद्ध एक अशा मतानें निर्णय दिला कीं, रॉयल्टी हा कर नव्हे. खनिज काढूं दिल्याबद्दल पट्टेदारानें द्यावयाचा तो मोबदला आहे. २०१५ च्या दुरुस्तीनें खाणींची झळ सोसणाऱ्या लोकांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठानें निघालीं, तींही या रॉयल्टीच्याच प्रमाणांत भरतात. म्हणजे गोगीची खाण उघडेपर्यंत राज्याचा हक्कही कागदावर, व गांवाचा वाटाही कागदावरच. विहिरीच्या पाण्याची काळजी मात्र आजची आहे. हक्कदार दूर बसलेला असतो, विहीर गांवाची असते. परदेशांतील असा कागद घेतांनाही ही गोष्ट विसरूं नये.

आतां घरच्या हिशेबाकडे वळूं. समजा, एखाद्या एकत्र कुटुंबास अशा हक्कापासून २० वर्षांनीं एक लाख रुपये मिळतील असें सांगण्यांत आलें. तोच पैसा निर्धास्त ठिकाणीं दरसाल ८ टक्क्यांनीं वाढत असेल, तर त्या लाखाची आजची किंमत सुमारें २१,५०० रुपये. खाण उघडण्याचा संभव निम्माच धरला तर ती पावणेअकरा हजारांवर येते. आणि सिगार लेकप्रमाणें ३३ वर्षें लागलीं, तर संभव पुरता धरूनही आठ हजारांहून कमीच. कागदावरील लाखाचा आंकडा पाहून ज्यांनीं पन्नास हजार मोजले, त्यांनीं कोणाचें घर भरलें हें सांगावयास नको.

म्हणून असा कागद पुढें आला म्हणजे चार गोष्टी विचाराव्या. टक्का विक्रीच्या रकमेवर आहे कीं खर्च वजा जातां उरलेल्या नफ्यावर? खाण उघडण्यास लागणारें भांडवल कोणापाशीं आहे? परवाने मिळाले आहेत काय? आणि तेथें राहणाऱ्या लोकांची संमति आहे काय? चालू खाणींच्या रॉयल्ट्या व न उघडलेल्या खाणींच्या रॉयल्ट्या एकाच कंपनीच्या यादींत शेजारीं शेजारीं छापलेल्या असतात. त्यांतील उत्पन्न कोणतें व आशा कोणती, हें निवडून घेण्याचें काम आपलें आहे.

एकत्र कुटुंबाचा पैसा कर्त्याच्या हातीं असतो, परंतु तो एकट्या कर्त्याचा नसतो. त्यांत वृद्धांच्या औषधपाण्याचा पैसा असतो, मुलींच्या शिक्षणाचा असतो. घरांतील एखाद्या तरुणास या व्यवहाराची हौसच असेल, तर त्यानें आपल्या स्वतःच्या मिळकतींतून, गेले तरी चूल अडणार नाहीं एवढेच पैसे घालावे, व तें कुटुंबाच्या वहींत स्पष्ट लिहून ठेवावें, म्हणजे पुढें वाटणीच्या वेळीं तंटा होणार नाहीं. वतनदारांचे पिढीजाद हक्कही १९५० च्या कायद्यानें मुंबई राज्यांत रद्द झाले, आणि ज्या घरांनीं तेवढ्यावरच भिस्त ठेविली होती त्यांस फार जड गेलें. ज्यांनीं मुलांस विद्या दिली होती तीं घरें तरलीं. न उघडलेल्या खाणीच्या हक्कास त्याहून अधिक भरंवशाचें मानण्याचें कांहीं कारण आम्हांस दिसत नाहीं.