मन पालटा की प्रायश्चित्त करा?

मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायाच्या सतराव्या वचनात, येशूच्या उपदेशाची सुरुवातच एका आज्ञार्थी क्रियापदाने होते. मूळ ग्रीकमध्ये ते आहे ‘मेतानोएइते’. ‘नूस’ म्हणजे मन किंवा बुद्धी. त्यावरून बनलेल्या या क्रियापदाचा रोख मन पालटण्यावर, जगण्याची दिशा बदलण्यावर आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात जेरोमने शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ सुधारला, तेव्हा आधीपासून रूढ असलेला ‘पेनितेन्तियम आगिते’ हा प्रयोग कायम राहिला. ‘पेनितेन्तिया’ म्हणजे पश्चात्ताप किंवा प्रायश्चित्त, ‘आगिते’ म्हणजे ‘करा’. पुढे मध्ययुगात धर्मगुरूपुढे पापनिवेदन, त्याने नेमून दिलेले प्रायश्चित्त आणि पापमुक्ती अशी रीतसर व्यवस्था उभी राहिली. तिचे लॅटिन नावही ‘पेनितेन्तिया’च होते. साहजिकच हा विधी खुद्द येशूने त्या वचनात घालून दिला आहे, असे लॅटिन वाचणाऱ्याला वाटू लागले.

डच विद्वान इरॅस्मसने १५१६ साली बाझेलला ग्रीक नवा करार छापून शेजारी स्वतःचे लॅटिन भाषांतर दिले. १५१९ च्या आवृत्तीत या जागी ‘रेसिपिस्किते’, म्हणजे ‘शुद्धीवर या’, असे क्रियापद आले. मधल्या काळात, १५१७ मध्ये, जर्मन मठवासी मार्टिन ल्यूथरने ९५ प्रबंध मांडले. श्रद्धावंताचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, हा त्यातला पहिला. आणि धर्मगुरूंकरवी होणारा विधी असा या वचनाचा अर्थ लावता येत नाही, हा दुसरा. ग्रीक शब्दाने आपल्याला काय उमगले, हे त्याने १५१८ मध्ये आपले मठातील वरिष्ठ श्टाउपिट्स यांना पत्रात सविस्तर कळवले.

ल्यूथरपासून सुरू झालेली धर्मसुधारणा एका शब्दाने घडली, असे मात्र म्हणता येणार नाही. पापाचा दंड माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांची विक्री, राजांचे हितसंबंध, छापखाने यांचा वाटा मोठा आहे. इरॅस्मस तर अखेरपर्यंत कॅथलिकच राहिला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून ठरत नाही, वापरावरून ठरतो, आणि वापरात ‘मेतानोइया’ या त्याच क्रियापदाच्या नामाला पस्तावण्याचीही छटा होती. हे मान्यच आहे. पण तिसऱ्या शतकाच्या आरंभीच टर्टुलियन या लॅटिन लेखकाने नोंदवून ठेवले होते की, ग्रीक शब्द पापाच्या कबुलीवरून आलेला नाही, मनाच्या पालटावरून आला आहे. म्हणजे हा भेद सोळाव्या शतकाने आपल्या सोयीसाठी शोधलेला नव्हता.

मराठी बायबलने इथे ‘पश्चात्ताप करा’ म्हटले. ‘प्रायश्चित्त’ टाळले हे उत्तम केले. पण ‘पश्चात्ताप’ ऐकताच झाल्या गोष्टीचा ताप मनात येतो आणि पुढे वळणे मागे पडते. नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांनी या वचनाखाली निदान तळटीपेत ‘मन पालटा’ हा पर्याय छापावा.