गाणी तीच, क्रम आपला

'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर सुरू झालं ते १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला. गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत आपल्या दादरकर सुधीर फडके यांचं. दर आठवड्याला एक, अशी एकूण ५६ गीतं. प्रत्येक गीत स्वतंत्रपणे गोड आहेच, पण ओळीने ऐकली की त्यांची कथा होते.

आता हीच गीतं संगणकावरून एमपीथ्री प्लेअरमध्ये भरून पाहा. बरेच प्लेअर गाणी नावाच्या वर्णानुक्रमाने वाजवतात. शेवटच्या गीताचं पहिलं अक्षर 'ग' आणि पहिल्याचं 'स'. म्हणजे शेवट आधी, आरंभ नंतर! ऐकणाऱ्या आजीला वाटतं, यंत्र बिघडलं. खरं तर यंत्राला क्रम सांगायचा राहिलेला असतो. तो सांगायचं साधन म्हणजे प्लेलिस्ट.

कॅसेटवर हा प्रश्न नव्हता. गाणी एकदा भरली की क्रम कायमचा. प्लेलिस्टचं वेगळं आहे. तिच्यात गाणी नसतातच, असतात फक्त त्यांचे पत्ते. लग्नाच्या आमंत्रणांची यादी फाडली म्हणून पाहुणे नाहीसे होत नाहीत. तसंच प्लेलिस्ट पुसली तरी गाणी शाबूत राहतात. एकच गाणं दहा याद्यांत घालता येतं, जागा मात्र एकदाच व्यापतं. पण गाणं दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलंत, तर यादी फसते. गिरगावातल्या चाळीतून बिऱ्हाड विरारला गेलं आणि पोस्टमन जुन्याच खोलीशी उभा राहिला, असं होतं.

म्हणून आधी सगळी गाणी एका फोल्डरमध्ये आणा. मग व्हीएलसीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती हव्या त्या क्रमाने लावा आणि यादी 'एमथ्रीयू' प्रकारात त्याच फोल्डरमध्ये साठवा. प्लेअरमध्ये अख्खा फोल्डर उचलून टाका. नुसती यादी नेलीत, तर पत्ते जातील, गाणी घरीच राहतील.

स्वस्तातले काही प्लेअर यादी वाचतच नाहीत. तिथे साधी युक्ती करा: गाण्याच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला, पण इंग्रजी अंकांत. एकऐवजी शून्य-एक का? कारण काही यंत्रं आकडेही अक्षरांसारखे वाचतात आणि दोनाच्या आधी दहा लावतात.

जागेची काळजी नको. नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जाला मिनिटाला साधारण एक एमबी लागते. एक जीबीत सोळा-सतरा तास गाणी मावतात. तेव्हा यादी जागेच्या नव्हे, वेळेच्या मापाने करा. दादर ते सीएसएमटी स्लो लोकलला वीसेक मिनिटं, म्हणजे चार-चार मिनिटांची पाच गाणी.

ॲपलने आयपॉड २०२२ मध्ये बंद केला. पण मोटारीतला पेनड्राइव्ह, ब्लूटूथ स्पीकरमधलं मेमरी कार्ड यांनाही हीच रीत लागू पडते. जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी मात्र संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवा. प्लेअर हरवतो, कार्ड खराब होतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एवढा अर्धा तास काढाच. त्यांना बारीक बटणं दिसत नाहीत, पुढचं गाणं शोधता येत नाही. यादी नीट लावलेली असली, तर एकच बटण दाबायचं आणि कथा आरंभापासून शेवटापर्यंत निवांत ऐकायची.