प्लास्टरचे नाक आणि लोनाडचा दगड

चित्रकार व्हायचे तर आधी प्लास्टर, हा दंडक मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टबरोबर आला. १८५७ मध्ये हे विद्यालय सुरू झाले आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेची शिस्त इथे रुजली: आधी रेषा, मग नक्षी, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या पांढऱ्याशुभ्र कास्ट, म्हणजे प्लास्टरच्या प्रतिकृती.

या शिस्तीला नावे ठेवणे सोपे आहे. पण कास्टला रंग नसतो, ती हलत नाही, कंटाळत नाही. एका बाजूने उजेड सोडला की नाकाच्या कडेवर तो संपतो आणि सावली सुरू होते. हनुवटीखालच्या सावलीत पुन्हा थोडा परतलेला उजेड शिरतो. तो जरा जास्त ठेवला की जबडा पोकळ दिसतो. डोळे बारीक करून छटा तोलायच्या, ओळंबा धरून उभी रेषा तपासायची. हात इथे तयार होई, यात मला शंका नाही.

खटकते ते दुसरेच. १८६८ च्या सुमारास याच विद्यालयाचे टेरी साहेब विद्यार्थ्यांसह अंबरनाथच्या शिवमंदिरावर रेखाटने करायला आणि शिल्पांचे साचे घ्यायला आले होते. शके ९८२ मधले, म्हणजे १०६० चे शिलाहारांचे हे मंदिर आपल्या भिवंडीपासून फार लांब नाही. तरी वर्गात मान मिळाला तो ग्रीक नाकालाच! १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ घडवली, तेव्हा कुठे प्लास्टरला नऊवारी मिळाली.

१९१९ च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन विद्यालयाचे प्रमुख म्हणून आले, जिवंत मॉडेलचा वर्ग सुरू झाला आणि कास्टची मक्तेदारी संपली. पुढे आधुनिक चित्रकारांनी कास्टलाच हसण्यावारी नेले.

भिवंडीच्या शाळांतली मुले आजही एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देतात. वस्तुचित्रात बादली, तांब्या, फळे. महागडी कास्ट मागवायला बहुतेक शाळांकडे पैसे नसतात, आणि त्याची गरजही नाही. तालुक्यातच लोनाडला लेणी आहेत, जुने पडके शिवमंदिर आहे. कलाशिक्षकांनो, परीक्षा आटोपली की तिरप्या उन्हाची एक सकाळ मुलांना तिथे न्या. बोर्ड, कोळसा आणि ओळंब्याला दोरा एवढे पुरे. फक्त दगडाला हात लावू देऊ नका.